मंगलआत्याचा हप्ता घेतंय कोण

मी दहावीला दोनदा बसलो, आन तिसऱ्यांदा बस म्हणले तवा पिकअप चालवायला लागलो. त्यामुळं लिहायची सवय मला नाय. पण अवसरीत लोकं काहीबाही बोलत्यात. मंगलनं कर्ज बुडवलं म्हणं, मंगलच्या दारात कंपनीची माणसं येत्यात म्हणं. ज्याला बोलायचंय त्यानं आधी हे वाचायचं. मंग माझ्या तोंडावर येऊन बोलायचं.

मंगल म्हंजे माझी आत्या. माझ्या बापाची धाकटी बहीण. आमचं गाव जुन्नरच्या पश्चिमेला, पार डोंगरात. भात, नाचणी, वरई, आन उन्हाळ्यात पाण्याची बोंब. तिथनं ती लग्न करून अवसरी खुर्दला आली. सपाटीवर पोरगी पडली म्हणून गावानं कौतुक केलं. सपाटीवर आल्यावर तिला कळलं की घरच नाय. दादाभाऊ मामा, म्हंजे आत्याचा नवरा, मंचरच्या मार्केट यार्डात हमाल व्हता आन राहायला भाड्याचा पत्रा. उन्हाळ्यात त्या पत्र्याखाली पीठ सुद्धा गरम लागायचं, असं आत्या सांगते.

अवसरीत इंजिनिअरिंगचं सरकारी कॉलेज हाय. शेजारच्या खोलीत दोन पोरं भाड्यानं राहायची. एकदा आत्या पिठलं हाटत व्हती, तर ती पोरं भिंतीवरनं डोकावून म्हणली, "मावशी, वास लई भारी येतोय." आत्यानं दोन ताटं दिली. पोरांनी दुसऱ्या दिवशी अजून दोघं आणले. अशी मेस सुरू झाली. बोर्ड नाय, नाव नाय. पोरं म्हणत्यात, "मंगलमावशीकडं जेवतो." तिचा कायदा एकच, भाजी परत मागायला लाजायचं नाय. आन पेपरच्या दिवशी कुणी न जेवता निघालं तर ती रस्त्यात आडवी उभी राहते. मी डोळ्यानं बघितलंय.

आता तिची एक खोड सांगतो, कारण सगळं त्याच्यावरच हाय. आत्या सातवी शिकलीय, तिला बोर्ड वाचता येतो. पण ती बोर्डावर भरोसा ठेवत नाय, माणसावर ठेवते. तिच्या तोंडात कधी बँकेचं नाव येणार नाय. ती म्हणते, चष्मेवाल्या बाईची बँक. दवाखान्याचं नाव नाय, खोकणाऱ्या डॉक्टरचा दवाखाना. एसटी सुद्धा ती कंडक्टरवरनं ओळखते. चष्मेवाल्या बाईची बदली झाली तवा तिनं मला इचारलं, "ती कुठल्या गावाला गेली? तिकडं खातं नेता यील का?"

हसू नका. मंचरच्या यार्डात असंच चालतं. मामा गेणभाऊ आडत्याकडं हमाली करायचा. गेणभाऊचं भागीदारासंगं फाटलं आन त्यानं दुसरा गाळा घेतला. तवा त्याची सगळी गिऱ्हाइकं त्याच्यामागं गेली. कांदा त्याच्याकडं, हिशोब त्याच्याकडं. मामानं घेतलेली उचल पण जुन्या गाळ्यावर नाय राहिली, ती गेणभाऊच्या डोक्यात व्हती आन डोकं गेलं तिकडं ती पण गेली. जुन्या गाळ्याच्या मालकानं कधी मामाला पैसे मागितले नाय. यार्डात खातं माणसाचं असतं, गाळ्याचं नसतं. आत्यानं आयुष्यभर हेच बघितलंय.

तर मामाची पाठ गेली. डॉक्टरनं सांगितलं, परत गोणी उचलली तर कायमचं आडवं व्हशील. घराचा भार आत्यावर आला, आन त्याच वक्ताला तिनं ठरवलं की आता घर बांधायचं. मामा म्हणला, "येड लागलंय का तुला?" ती म्हणली, "तुमी आडवं पडणार ते भाड्याच्या पत्र्याखाली नको, आपल्या स्लॅबखाली पडा."

गावठाणात गुंठाभर जागा मामाच्या नावावर व्हती. कर्ज दिलं सुनीलनं. म्हंजे दिलं कंपनीनं, पण सुनील कंपनीचा माणूस. बाईक घेऊन यायचा, मेसमध्ये पोरांच्या पंगतीला बसून जेवायचा, जेवता जेवता कागद भरायचा. कंपनीचं हापिस मंचरला, मिठाईच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. आत्या तिथं एकदाच गेली, सह्या करायला. कंपनीचं नाव मी इथं लिहीत नाय. दुसऱ्या कंपनीचं पण लिहिणार नाय. एक वकील म्हणला, नको लिहू. आत्यापुरतं त्या कर्जाचं नाव एकच व्हतं, सुनीलचं कर्ज.

घर झालं. पुढं एक खोली, मागं स्वयंपाकघर, वर स्लॅब. गवंडी म्हणत व्हता, "ताई, हॉल मोठा ठेवा, शोभा येती." आत्या म्हणली, "शोभा काय मला जेवू घालणार हाय का? चूल मोठी पायजे." तरी पुढची खोली तिनं लई हौसेनं केली. फरशी निवडायला मंचरला चार दुकानं हिंडली. भिंतीत कोनाडा ठेवून पक्का देव्हारा बांधून घेतला. आन लग्नानंतर पहिल्यांदा दिवसा जरा आडवी झाली ती त्या खोलीत. म्हणली, "ऋत्या, वर बघ. स्लॅब. वाजत नाय." पाऊस पडला तरी पत्र्यासारखा वाजत नाय, असं म्हणायचं व्हतं तिला.

हप्ता तिच्या बँकेतनं आपोआप कटायचा. ती महिन्याला पैसे भरून ठेवायची आन चष्मेवाल्या बाईच्या जागी जी कोण आली व्हती तिच्याकडनं पासबुक छापून आणायची. एक महिना चुकला नाय. हे मी छाती ठोकून सांगतो. एक बी नाय.

मंग सुनीलनं नोकरी बदलली. आळेफाट्याला दुसऱ्या कंपनीत गेला. जायच्या आधी जेवायला आला तवा आत्या म्हणली, "मंग माझं खातं बी घेऊन जा तिकडं. मला इथं कोण वळखतंय?" सुनील भाकरी मोडत म्हणला, "हो हो मावशी, बघतो की." झालं. आत्याच्या लेखी कर्ज आळेफाट्याला गेलं.

वर्षभर काय नाय झालं. हप्ता कटत व्हता. मंग यंदा होळीपासनं कटायचाच बंद झाला. आत्यानं सुनीलला फोन केला. तो म्हणला, "बघतो मावशी, मीटिंगमध्ये हाय." आत्याला वाटलं, इकडनं तिकडं खातं नेताना जरा खोळंबा झाला आसंल. पैसे तर जाग्यावर व्हते. ती दर महिन्याला भरतच राहिली. तिच्या खात्यात नुसते साचत गेले.

पहिल्यांदा मला फोन आला तो मामाचा. मामा कधी फोन करत नाय. म्हणला, "ऋतिक, ये. दोघं आल्यात. घराचे फोटो काढत्यात."

मी मंचरला कांदा उतरवत व्हतो. तसाच निघालो. पोचलो तर आत्या दारात, हाताला पीठ, आन समोर दोन पोरं. माझ्याच वयाची, गळ्यात ओळखपत्र. एकाचा मोबाईल घराकडं धरलेला.

मी म्हणलं, "ए, मोबाईल खाली. कुठल्या कंपनीचे तुमी?"

"भाऊ, आमी एजन्सीचे."

"एजन्सी कुणाची?"

"ते वरनं येतं. आमच्या ॲपमध्ये नुसतं नाव, पत्ता आन फोटो काढा, येवढंच येतं. खातं थकलंय."

आत्या म्हणली, "थकलंय म्हंजे? पैसे हायेत माझ्याकडं. तुमीच घ्या आन जावा."

तो पोरगा बिचारा म्हणला, "मावशी, आमाला पैसे घ्यायची परमिशन नाय."

"मंग कुणाला हाय?"

"कंपनीला."

"कुठल्या?"

"तेच तर आमाला म्हाईत नाय."

मला त्याच्या कानाखाली वाजवायची व्हती. आत्यानं माझा हात धरला. म्हणली, "त्यांना काय मारतोस, त्यांना बी ठाव नाय." आन त्या दोघांना इचारलं, "जेवलाय का?" जेवले नव्हते. म्हंजे बघा. घर जप्त करायला आलेली पोरं जेवून गेली. जाताना एकजण म्हणला, "मावशी, लवकर भरा. पुढच्या टायमाला आमी नाय येणार, नोटीस चिकटवायला दुसरे येत्यात. मंग कोर्टाचं असतंय."

इथनं पुढं आमी पैसे घेऊन हिंडलो आन घ्यायला कोण नाय.

आधी मंचरच्या हापिसात गेलो. जिना चढून वर गेलो तर तिथं जिम. एक पोरगं आरशासमोर दंड फुगवून बघत व्हतं. खाली मिठाईवाला म्हणला, "ते गेले की. बोर्ड काढून नेला, भाडं तेवढं ठेवून गेले." बोर्डाच्या जागी भिंतीवर चौकोन उरला व्हता.

आत्याच्या जुन्या कागदावर कस्टमर केअरचा नंबर व्हता. लावला. एक बाई बोलते, रेकॉर्डची. हिंदीसाठी दोन दाबा. दाबलं. कर्जासाठी अमुक दाबा. दाबलं. खाते नंबर टाका. टाकला. गाणं वाजलं, लई वेळ वाजलं. मंग माणूस आला. स्पीकरवर ठेवला.

तो म्हणला, "मॅम, आपका लोन हमारे यहाँ क्लोज़ दिखा रहा है."

आत्या माझ्याकडं बघायला लागली. "क्लोज म्हंजे मिटलं ना रं?"

मामा खाटेवरनं म्हणला, "मिटलं आसंल तर पेढं आणा."

मी म्हणलं, "भैया, क्लोज कैसे? हमने भरा नहीं तो क्लोज कैसे?"

"सर, आपका लोन असाइन हो गया है. दूसरी कंपनी को."

"कौनसी कंपनी?"

"वो मैं नहीं बता पाऊँगा सर. आपको रजिस्टर्ड नंबर पे मैसेज गया होगा."

"कौनसे नंबर पे?"

त्यानं नुसते शेवटचे दोन आकडे सांगितले. ते आत्याच्या नंबरचे नव्हते. मामाचे नव्हते. माझे नव्हते. मी म्हणलं पूरा बताओ. म्हणला सिक्युरिटी हाय सर, और कोई सहायता? मी काय बोललो ते इथं लिहीत नाय.

म्हंजे कंपनीनं आत्याचं कर्ज दुसऱ्या कंपनीला विकलं व्हतं. मला हे म्हाईतच नव्हतं की कर्ज विकता येतं. म्हैस विकत्यात, पिकअप विकत्यात, मला येवढंच म्हाईत. पण म्हैस विकली तर दाव्याला धरून कुणीतरी नेतं, दिसतं तरी. इथं घर जाग्यावर, बाई जाग्यावर, आन तिच्या कर्जाचा मालक बदलला आन तिला पत्ता नाय.

मेसमधल्या पोरांनी मोबाईल काढले. एकजण म्हणला, "मावशी, तुमचा क्रेडिट रिपोर्ट काढू. त्यात कंपनीचं नाव येतं." नाव टाकलं, पॅन टाकलं. ओटीपी गेला. कुठं गेला? त्याच दोन आकड्यांच्या नंबरवर. पोरांनी मोबाईल खिशात घातले. बँकेत गेलो, तिथली बाई म्हणली, "आमच्याकडे जुन्याच कंपनीचं नाव दिसतं, नवीन कोणी मागितलंच नाही तर आम्ही काय सांगणार?" ग्रामपंचायतीत गेलो, तिथं घराच्या उताऱ्यावर बोजा जुन्याच कंपनीचा. जिथं जाऊ तिथं जुनंच नाव, आन जुनी कंपनी म्हणते आमचं काय नाय.

त्या दिवसांत आत्याचं ध्यान उडालं. भाजीत दोनदा मीठ पडलं, पोरांनी मुकाट्यानं खाल्ली. दारात बाईक थांबली की ती हातातलं टाकून बाहेर यायची. मामा तर पुढच्या खोलीत झोपायचाच बंद झाला. म्हणायचा, कुणीतरी यील आन म्हणंल उठ.

मी म्हणलं, चल आळेफाट्याला.

सुनीलचं नवीन हापिस ग्राउंड फ्लोअरला, काचेचा दरवाजा, एसी. आमाला बघून तो खुर्चीतनं असा उठला जसा शाळेत मास्तर आल्यावर मी उठायचो. आमाला आत बसवलंच नाय. "चला मावशी, चहा घेऊ," म्हणत टपरीवर आणलं.

आत्या म्हणली, "सुनील, माझं खातं कुठं हाय?"

"मावशी, ते जुन्या कंपनीतच व्हतं. माझ्याबरोबर येत नसतं ते."

"तू व्हय म्हणला व्हतास. माझ्या घरात बसून, माझी भाकरी खात व्हय म्हणलास."

"आता तुमच्यापुढं नाय म्हणायची कुणाची टाप हाय का? मला वाटलं तुमी मजेत म्हणताय."

"गेणभाऊनं गाळा बदलला तवा सगळ्यांची खाती गेली का नाय?"

सुनीलनं कपाळाला हात लावला. "मावशी, मी आडत्या नाय हो. मी पगारी माणूस. मी उद्या मेलो तरी खातं तिथंच राहतं."

 तिचा चहा तसाच राहिला. मला वाटतं त्या टायमाला तिला खरं कळलं. आपण ज्याला धरून व्हतो त्याच्या हातात काय नव्हतंच.

मी ते दोन आकडे सुनीलला सांगितले. तो म्हणला, "अरे, हा तर माझा कंपनीचा नंबर व्हता. दुसरं सीम. नोकरी सोडली तवा जमा केलं."

"तुझा नंबर आत्याच्या कर्जाला कशाला टाकला?" मी त्याची कॉलर धरली. खोटं कशाला बोलू, धरली.

"सोड, सोड. त्यांनाच इचार. फॉर्म भरताना म्हणल्या, माझा नंबर नको टाकू बाबा, भाकरी थापताना सारखा फोन कोण उचलणार. तुझाच टाक, तू हायेस ना."

आत्या हळूच म्हणली, "सोड त्याला ऋत्या. म्हणले व्हते मी तसं."

सुनीलनं पूर्ण नंबर सांगितला. मी लावला. बंद आसंल असं वाटलं व्हतं. रिंग गेली. उचलला आन मी काय बोलायच्या आधीच एक म्हातारी सुरू झाली.

"मेल्यांनो, आज तरी जेवू द्या! सांगितलं ना भरते म्हणून!"

मी म्हणलं, "आजी, आजी, थांबा. मी कंपनीचा नाय."

"सगळे आसंच म्हणत्यात. आधी गोड बोलायचं आन मंग घर जप्त करतो म्हणायचं. कर म्हणलं जप्त. दोन शेरडं बांधल्यात त्यात, ती बी घेऊन जा!"

आत्यानं माझ्या हातातनं फोन घेतला. म्हणली, "बाई, मी मंगल बोलते. अवसरीची."

 मंग म्हातारी म्हणली, "तू खरंच हायेस व्हय गं?"

तिचं नाव कुशाबाई. लांब साताऱ्याकडं कुठंतरी माणदेशात राहते, शेळ्या राखते. नातवानं नवीन सीम घेऊन दिलं, आन तिला मिळाला तो हाच नंबर. तवापासनं तिला मंगल म्हणून फोन येत्यात. आधी ती म्हणायची, राँग नंबर. ते म्हणायचे, मंगलबाई, खोटं बोलू नका. रोज, सकाळ नाय दुपार नाय. पाच महिने.

"शेवटी मी काय केलं ठावं हाय का," कुशाबाई म्हणली, "मी म्हणलं, व्हय बाबा, मीच मंगल. सोमवारी भरते. तवा कुठं चार दिवस निवांत गेलं. मंग परत आला फोन, परत म्हणलं सोमवारी. कुठला सोमवार ते मी सांगितलं नाय."

आत्या हसली. लई दिवसांनी हसली. टपरीवरची माणसं बघायला लागली. सुनील पण हसला, मी त्याच्याकडं बघितलं तसा थांबला.

कुशाबाईची नात हर्षाली शाळेतनं आल्यावर तिनं फोनवर मेसेज वाचून दाखवले. सगळे इंग्रजीत. नव्या कंपनीचं नाव, नवीन खाते नंबर, आन एक मेसेज असा, की हप्ता चालू ठेवायला या लिंकवर जाऊन बँकेची परवानगी द्या. तो आला व्हता होळीच्या आधी. शेळ्या राखणाऱ्या बाईला. मी ते सगळं हातावर लिहून घेतलं, कागद सापडंना म्हणून.

आता मिटलं असं मला वाटलं. आत्याला पण वाटलं. ठेवणीतलं लुगडं नेसून ती माझ्या पिकअपमध्ये पुढं बसली आन आमी पुण्याला गेलो. नव्या कंपनीचं हापिस, आठ मजली बिल्डिंग. तिथं एक मॅडम भेटली, वाईट नव्हती. पाणी दिलं. कॉम्प्युटरमध्ये बघून म्हणली, "हो, हे खातं आमच्याकडेच आहे."

आत्यानं हात जोडले. खरंच जोडले. जसं काय हरवलेलं पोरगं सापडलं. म्हणली, "घ्या बाई तेवढे पैसे. पाच महिन्यांचे हायेत."

मॅडम म्हणली, "हप्ते घेते. पण दंड आहे, उशिराचं व्याज आहे, एजन्सीच्या व्हिजिटचा खर्च आहे. तो सगळा भरला तरच जप्तीची प्रक्रिया थांबेल."

मी म्हणलं, "कशाचा दंड? कळवलं कुणी आमाला? तुमी कळवलं ते एका म्हातारीला."

"नंबर तुमच्याच अर्जावरचा आहे. आणि ग्राहकानं फोनवर कबूल करून पैसे भरले नाहीत, असं इथे दिसतंय. एकदा नाही, अनेकदा. रेकॉर्डिंग आहे."

तिनं लावलं. कॉम्प्युटरमधनं कुशाबाई बोलली, व्हय बाबा, मीच मंगल, सोमवारी भरते. मागं शेळी ओरडत व्हती.

मी म्हणलं, "हा आत्याचा आवाज हाय का? ऐका की! सांग आत्या, बोल काहीतरी, त्यांना कळू दे."

मॅडमला पण कळत व्हतं. तिनं आवाज बारीक केला. म्हणली, "हे बघा, दुसरंच कोणी तुमच्या नावानं बोलत असेल तर एक मार्ग आहे. तसा अर्ज द्या आणि पोलिसात तक्रार केल्याची प्रत जोडा. मग दंड माफीसाठी मी वर पाठवू शकते. बहुतेक होईल."

मी म्हणलं, "देतो. आत्ता देतो. पेन द्या."

आत्या म्हणली, "पोलीस कुणाच्या दारात जाणार?"

"ज्यांचा नंबर आहे त्यांच्या. चौकशी होईल."

आत्यानं कॉम्प्युटरकडं बोट दाखवलं. म्हणली, "परत लावा." मॅडमनं परत लावलं. आत्यानं मान खाली घालून सगळं ऐकलं, शेळीसकट. मंग मान वर केली.

"माझाच आवाज हाय."

"आत्या!"

"तू गप रं."

मॅडम म्हणली, "मावशी, हा तुमचा आवाज नाहीये."

"सर्दी झाली व्हती."

मी उठलो, खुर्ची मागं पडली. वॉचमन आत आला. आत्यानं मला हाताला धरून खाली बसवलं, जसं मी पहिलीतला हाय. मॅडमनं पेन घेतलं. मंग दंडाचा आकडा तिनं कागदावर लिहून दिला आन महिनाअखेरपर्यंत मुदत दिली. नंबर बदलला, आत्याचा घातला. आत्यानं इचारलं, "तुमचं नाव काय बाई?" तिनं सांगितलं. "परत तुमी आमाला विकलं तर कळवाल का?"

"तेव्हा कंपनी कळवेल."

"कंपनी म्हंजे कोण?"

मॅडम म्हणली, "मी इथे असेनच असं नाही ना, मावशी."

परत येताना राजगुरूनगरपर्यंत मी गाडी नुसती दामटली. मंग स्टेअरिंगवर हात आपटून म्हणलं, "कोण लागते ती तुझी? नाव सुद्धा ठाव नव्हतं. तिच्यापायी घर जाईल."

"पाच महिने माझ्या नावच्या शिव्या तिनं खाल्ल्या. मी इथं पोरांना वाढत व्हते निवांत. तिच्या दारात पोलीस धाडू? गावात काय म्हणतील तिला?"

"आन तुला गावात काय म्हणत्यात ते ऐकलंस का?"

"मला तू हायेस बोलायला," ती म्हणली. "तू बोलतोस बी लई."

मी म्हणलं, "मी पिकअप विकतो."

"पिकअपवर कर्ज हाय ना? त्याची कंपनी कुठली ते तरी ठाव हाय का तुला?"

नव्हतं ठाव. दुसऱ्या दिवशी जाऊन बघून आलो.

दंड भरला. कसा भरला ते सांगतो, कारण गावात म्हणत्यात कुणी सावकारानं दिला. कुणी नाय दिला. आत्यानं पुढची खोली कॉलेजच्या चार पोरांना भाड्यानं दिली आन डिपॉझिट घेतलं. त्यात निभावलं. जप्ती थांबली, घर त्यांच्याच ताब्यात हाय, हप्ता परत कटायला लागलाय. पण आत्या आन मामा आता स्वयंपाकघरात झोपत्यात, पिठाच्या डब्यांच्या आन सिलेंडरच्या मधी. मामाला पाठ सरळ करायला जागा नाय. किती वर्षं असं, म्हणलं तर आत्या म्हणते, डिपॉझिट परत द्यायला जमेपर्यंत.

पोरं चांगली हायेत, त्यांचं काय म्हणणं नाय. पण देव पुढच्या खोलीत हायेत. गवंड्यानं भिंतीत पक्का बांधलाय देव्हारा, तो हलत नाय, आन मधलं दार पोरांच्या खाटांनी अडलंय. मंग आत्या रोज सकाळी आंघोळ करून, वात घेऊन, मागच्या दारानं बाहेर पडून घराला वळसा घालून पुढं येते आन स्वतःच्या घराचं दार वाजवते.

"पोरांनो, उठा रं. देवाला दिवा लावायचाय."

आतनं कुणीतरी झोपेत म्हणतं, "मावशी, दहा मिनिटं."

एकदा मी डबे उतरवत व्हतो. मी म्हणलं, "ढकल ना दार. घर तुझं हाय."

"भाडं दिलंय त्यांनी," ती म्हणली, आन वाऱ्यानं वात उडू नये म्हणून मुठीत धरून तशीच उभी राहिली.